किनारा किती लांब?

नववीच्या वर्गात भारताच्या किनाऱ्याचा भाग चालू होता. आमची शाळा उर्दू माध्यमाची, जालना जिल्ह्यातली. मुंबईचा समुद्र इथून रस्त्याने चारशे किलोमीटरच्या आसपास. वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. पाणी म्हणजे कुंडलिका, दुधना, घाणेवाडीचा तलाव आणि उन्हाळ्यात टँकर. अशा मुलांना किनारा शिकवायचा म्हणजे फळ्यावर रेघ ओढायची आणि तिच्याखाली आकडा लिहायचा.

त्या दिवशी मी दोन आकडे लिहिले. एक जुना, ७,५१६.६ किलोमीटर. आम्ही सगळ्यांनी हाच पाठ केला, परीक्षेत लिहिला, मार्क मिळवले. दुसरा नवा, ११,०९८.८१ किलोमीटर. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात तो आला आणि २०२४ संपता संपता वर्तमानपत्रांनी छापला. साडेतीन हजार किलोमीटरची वाढ! मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "टीचर, समंदर बढ़ गया क्या?" तिच्या शेजारणीने तिला खाली ओढले. "नहीं गे, जमीन बढ़ी होगी."

समुद्र वाढला नव्हता आणि जमीनही वाढली नव्हती. फरक मोजण्यातला होता. जुना आकडा १९७० च्या दशकातला. तेव्हा ज्या नकाशावरून मोजणी झाली, त्याचे प्रमाण एकास पंचेचाळीस लाख होते. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचा ४५ किलोमीटर. नव्या मोजणीचे प्रमाण एकास अडीच लाख, म्हणजे एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. पहिल्या नकाशात खाडी, आखात, खडकाचे नाक, लहान बेट यांना जागाच नाही. पेन्सिलीची रेघ त्यांच्यावरून सरळ निघून जाते. दुसऱ्या नकाशात तीच रेघ प्रत्येक खाडीत शिरते आणि वळसा घालून बाहेर येते.

मुलांना मी दोरा दिला. भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशात कुंडलिका बोटाच्या पेराएवढी दिसते. मग तालुक्याच्या नकाशावर तीच नदी दोऱ्याने मोजायला लावली. दोरा वळणावळणाने फिरवताना त्यांच्या लक्षात आले की, नकाशा जितका मोठा, तितकी नदी लांब. इंग्रज शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी हीच गंमत देशांच्या सीमांबाबत पाहिली होती. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यामधल्या एकाच सरहद्दीची लांबी कुठे ९८७ किलोमीटर दिली होती, तर कुठे १,२१४. पुढे १९६७ साली बेन्वा मँडेलब्रॉट यांनी ब्रिटनचा किनारा किती लांब, असा प्रश्न विचारून त्यावर लेखच लिहिला. उत्तर एवढेच की, कोणत्या मापाने मोजता ते आधी सांगा.

महाराष्ट्राचा किनारा शाळेच्या पुस्तकात ७२० किलोमीटर असतो. केंद्राच्या जुन्या यादीत तो ६५२.६ होता, नव्या यादीत ८७७.९७ झाला. पण वाढीच्या यादीत माझी नजर खिळली ती अंदमान-निकोबारवर. १,९६२ किलोमीटरचे ३,०८३.५ किलोमीटर! एकट्या या बेटांनी अकराशे किलोमीटरहून अधिक भर घातली. ८३६ बेटे, बेटुकली आणि खडक. मनुष्यवस्ती त्यांतल्या जेमतेम ३१ बेटांवर. समुद्रात बुडालेल्या डोंगररांगेची ही वर राहिलेली माथी. डोंगर थेट पाण्यात उतरतात, आत दाट जंगल, कडेला खारफुटी आणि पोवळ्यांचे खडक. दूरून मोजणाऱ्याला सर्वांत जास्त फसवतो तो असाच किनारा. मग त्याच्या नकाशांचा इतिहास वाचत गेले आणि त्यात आपली माणसे भेटत गेली.

जुन्या नोंदींतली एक अरबांची. नवव्या शतकात चीनकडे जाणाऱ्या अरब व्यापाऱ्यांच्या वृत्तांतात ही बेटे येतात. तिथले लोक उघडे असतात, माणसे खातात, असे त्यांत लिहिले आहे. जहाज किनाऱ्याला लागत नव्हते, लागले तरी कुणी उतरत नव्हते. चार शतकांनी मार्को पोलोने त्यात भर घातली आणि तिथल्या माणसांना कुत्र्याची तोंडे दिली. नरभक्षणाचा पुरावा पुढे कधीच सापडला नाही. आमच्याच पूर्वजांच्या भाषाबंधूंनी ही अफवा लिहून ठेवली, हे मला टोचते. पण त्यांचे मापच लांबचे होते. हिंदी महासागरात जहाजाला वाट दाखवणाऱ्याला मुअल्लिम म्हणत. पंधराव्या शतकातला इब्न माजिद हा त्यांतला मोठा मुअल्लिम. हे लोक हात लांब करून क्षितिजापासून ताऱ्याची उंची बोटांच्या मापाने घेत आणि त्यावरून बंदर ओळखत. त्या मापाने समुद्र पार करता येतो, किनाऱ्यावरच्या माणसाचा चेहरा मात्र दिसत नाही. आमच्या उर्दूत मुअल्लिम म्हणजे शिक्षक. दोन्ही कामांत सांभाळायची गोष्ट एकच आहे, असे मला वाटते. जे आपण लांबून पाहिले, ते जवळून पाहिल्यासारखे सांगू नये.

अंदमानचा पहिला नीट नकाशा केला तो आर्चिबाल्ड ब्लेअर याने. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या 'बॉम्बे मरीन'चा, म्हणजे मुंबईच्या आरमाराचा लेफ्टनंट. १७८८ च्या अखेरीस 'एलिझाबेथ' आणि 'वायपर' ही दोन जहाजे घेऊन तो कलकत्त्याहून निघाला आणि १७८९ च्या एप्रिलपर्यंत किनारा फिरला. त्या काळची पद्धत अशी: जहाज खोल पाण्यात थांबवायचे, होडी पुढे पाठवायची, शिसे बांधलेली दोरी सोडून खोली घ्यायची, होकायंत्राने डोंगराच्या शिखराची दिशा टिपायची, मग पुढे सरकून त्याच शिखराची दिशा पुन्हा घ्यायची. दोन जागांमधले अंतर आणि दोन्ही जागांचे कोन माहीत असले की तिसरा बिंदू कागदावर बसतो. आमची मुले भूमितीत हेच त्रिकोण काढतात. ब्लेअरने चांगले बंदर शोधले, कंपनीने तिथे वसाहत केली, १७९२ साली ती उत्तरेकडे हलवली आणि रोगराईमुळे १७९६ साली गुंडाळली. माणसे गेली, नकाशा राहिला.

तो नकाशा पुन्हा कामाला आला १८५७ नंतर. उठाव मोडला, पण पकडलेल्या हजारो माणसांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न होता. डॉ. मोअट यांची समिती जहाजातून अंदमानला गेली, ब्लेअरचे बंदर पाहून आली आणि तेच पसंत केले. १० मार्च १८५८ रोजी डॉ. वॉकर २०० कैद्यांना घेऊन तिथे उतरला. बंदराला नाव दिले पोर्ट ब्लेअर. २०२४ च्या सप्टेंबरपासून त्याला श्री विजयपुरम म्हणतात. त्या बंदरातल्या एका बेटाला ब्लेअरच्या जहाजाचे नाव आहे, वायपर. पुढे त्याच बेटावर तुरुंग आणि फाशीघर उभे राहिले. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याला ८ फेब्रुवारी १८७२ रोजी मारणारा शेर अली आफ्रिदी याला त्याच वर्षीच्या मार्चमध्ये तिथेच फासावर दिले. मोजणीच्या जहाजाचे नाव फाशीच्या बेटाला चिकटले, हा योगायोग असेल. पण ज्या रेघेने बंदर दाखवले, तिनेच तुरुंगाची जागाही दाखवली, हा योगायोग नाही.

त्या तुरुंगात आपल्या निजामी मुलुखातली माणसेही गेली. १७ जुलै १८५७ रोजी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी चढाई केली. जालना तेव्हा त्याच राज्यात, इथे कंटिंजंटची छावणी होती. मौलवी अलाउद्दीन यांना काळ्या पाण्याची सजा झाली. मौलाना फज्ले हक खैराबादी १८५९ साली तिथे पोहोचले, 'अस्सौरतुल हिंदिया' ही अरबी हकिकत तिथेच लिहिली आणि १८६१ साली तिथल्याच मातीत मिसळले. या नावांची आठवण आपल्या जलशांत निघते. पण ज्या मातीत ते आहेत, तिचा नकाशा आपण क्वचितच उघडतो.

आणखी एक नाव, मौलवी मुहम्मद जाफर थानेसरी. १८६४ च्या अंबाला खटल्यात त्यांना फाशी ठोठावली गेली. ती बदलून जन्मठेप झाली. १८६६ च्या जानेवारीत ते अंदमानात उतरले. तिथे मुन्शीगिरी केली, स्वतः इंग्रजी शिकले, इंग्रज अधिकाऱ्यांना उर्दू शिकवली. सुमारे अठरा वर्षांनी, १८८३ च्या नोव्हेंबरात त्यांची सुटका झाली. परत येऊन त्यांनी उर्दूत आपली कहाणी लिहिली. ती 'काला पानी' या नावाने ओळखली जाते. बेटावरचे लोक, बोली, कैद्यांचे संसार, सगळे त्यात आहे.

गंमत अशी की, जाफरसाहेब बेट सोडून गेले त्याच १८८३ साली सर्वेक्षण खात्याचे हॉबडे हे अधिकारी बेटांची सविस्तर भूमापणी हाती घेत होते. १८८६ पर्यंत ती चालली. दोन मैलांना एक इंच या प्रमाणाचे नकाशे तयार झाले. इतक्या घनदाट जंगलातही आतल्या डोंगरांच्या उंचीरेषा अचूक उतरल्या, म्हणून त्या कामाची वाहवा झाली. समुद्राच्या बाजूचे तक्ते कमांडर कार्पेंटर यांनी १८८८-८९ मध्ये दुरुस्त केले. त्यांचे 'इन्व्हेस्टिगेटर' हे मोजणीचे जहाज १८८१ साली मुंबईच्या गोदीत बांधलेले. म्हणजे आपल्या मुंबईच्या सुतार-लोहारांचा हातही त्या रेघेला लागला आहे.

इथपर्यंत वाचले की वाटते, चला, माप जवळचे झाले, अफवा संपली, सत्य उतरले. पण आणखी एक आकडा त्याच पानांत आहे. ग्रेट अंदमानी लोक इंग्रज आले तेव्हा हजारोंनी होते. १९०१ च्या जनगणनेत ६२५ उरले, १९६१ साली १९. बाहेरून आलेल्या गोवराने आणि उपदंशाने वस्त्याच्या वस्त्या गेल्या. नकाशातली खाडी न् खाडी भरत गेली आणि त्या खाड्यांना स्वतःच्या भाषेत नावे देणारी माणसे कमी होत गेली. तेव्हा नुसते जवळ जाणे पुरेसे नाही. कोण जवळ गेले, कशासाठी गेले आणि ज्याच्या दाराशी गेले त्याला विचारले का, हेही पाहिले पाहिजे.

त्या नकाशात एक बेट आजही जवळपास कोरे आहे, नॉर्थ सेंटिनेल. सुमारे ६० चौरस किलोमीटरचे. तिथले लोक बाहेरच्याला उतरू देत नाहीत. १९५६ च्या कायद्याने तिथे जाण्यास बंदी आहे आणि किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांच्या आत जाता येत नाही. २०११ च्या जनगणनेत दूरूनच पाहून १५ माणसे नोंदवली. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात सगळ्या बेटांचा किनारा बदलला. उत्तर अंदमानची बाजू मीटरभर उचलली गेली आणि पोवळ्यांचे खडक उघडे पडले. ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, साधारण सव्वाचार मीटर खचले आणि तिथल्या दीपस्तंभाच्या पायाशी समुद्र आला. त्सुनामीनंतर हेलिकॉप्टर सेंटिनेलवरून फिरले, तर खालून एकाने धनुष्य ताणले. आम्ही आहोत, आता जा, असेच जणू त्याला सांगायचे होते. आपल्या दीनमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी घ्यावी, सलाम करावा, आणि परत जा म्हटले तर परत जावे, अशी शिकवण सूरह नूरमध्ये आहे. त्या बेटाचा कोरा तुकडा मला अज्ञानाची खूण वाटत नाही, अदबीची वाटते.

याच नकाशावर उलटी गोष्टही आहे. १९२१ च्या मलबारच्या बंडानंतर मोपला कैदी अंदमानात आणले गेले. मागोमाग त्यांच्या घरची माणसे आली. त्यांनी जंगल तोडून शेती केली आणि वस्त्यांना आपल्या गावांची नावे दिली. दक्षिण अंदमानच्या नकाशावर आजही मंजेरी, वंडूर, तिरूर, कालिकत ही नावे वाचायला मिळतात. कैदी म्हणून आलेल्या माणसांनी नावे ठेवली आणि ती टिकली. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमानच्या एकवीस बेटांना परमवीरचक्र मिळालेल्या जवानांची नावे दिली गेली. त्यांत एक अब्दुल हमीद द्वीप आहे. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणच्या शेतांत पाकिस्तानी रणगाडे फोडताना शहीद झालेल्या त्या हवालदाराचे नाव नकाशावर दाखवताना माझ्या वर्गातली मुले ताठ बसतात, हे मी पाहिले आहे.

आता थोडे आपल्याविषयी. कारण ही सगळी माहिती वाचताना मला सारखा आपलाच समाज दिसत होता. एका प्रशिक्षण शिबिरात शेजारी बसलेल्या बाई प्रेमाने म्हणाल्या, "तुमच्यात बरं असतं हो, सगळे एकसारखे. जात नाही, पात नाही." त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांचे माप एकास पंचेचाळीस लाखांचे होते, एवढेच. त्या मापाने महाराष्ट्रातला मुसलमान एक सरळ रेघ दिसतो. जरा जवळ या. जालन्याच्या एका मोहल्ल्यात बागवान आहे, पिंजारी आहे, तांबोळी, अत्तार, कुरेशी, मोमीन आहे. कोकणातला मुसलमान घरी कोकणी बोलतो, आमच्याकडे दखनी चालते, आणि खेड्यातला पिंजारी तर शेजाऱ्यांसारखीच मराठी बोलतो. प्रत्येकाचा धंदा, हुन्नर, गरिबी आणि शाळा सोडण्याचे वय वेगळे. ही वळणे सरळ रेघेत मावत नाहीत.

ही वळणे आधी ज्यांनी मोजली, त्यांत आमच्या जालन्याचा वाटा आहे. मुस्लीम ओबीसींची चळवळ जालन्यातून उभी राहिली. शब्बीर अन्सारी यांनी ती राज्यभर नेली, दिलीपकुमार यांनी तिला साथ दिली. समाजातल्या मागास बिरादऱ्यांची नावे सरकारी यादीत आली की नाहीत, दाखल्यावर ती कशी लिहिली, हे घरोघर जाऊन पाहणे म्हणजे किनाऱ्याची खाडी न् खाडी फिरणेच. "आपण सगळे एक, मग बिरादऱ्या कशाला काढता?" असा विरोध तेव्हा आपल्याच लोकांनी केला. पण बिरादरीचे नाव नोंदले गेले म्हणून आज एखाद्या पिंजाऱ्याच्या मुलीला फी सवलत मिळते. मशिदीत आपण एका सफीत उभे राहतो, ते बरोबरच आहे. शाळेच्या हजेरीपटावर मात्र प्रत्येकाची गळती वेगळी दिसते आणि तीही मोजली पाहिजे. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला, तेव्हा देशाला पहिल्यांदा इतक्या जवळून आपली आकडेवारी दिसली. लांगूलचालनाची अफवा आणि हातात आलेले आकडे यांत किती अंतर होते! अरब व्यापाऱ्यांच्या नरभक्षकांची आठवण व्हावी, इतके.

पण ज्यांचे आपण ऐकून घेतलेले नाही, त्यांच्याविषयी आपलेही माप लांबचेच असते. आपल्याकडे शेजारच्या वस्तीविषयी, पारध्यांविषयी, दुसऱ्या मसलकच्या माणसाविषयी बोलणे ऐका. एका वाक्यात सगळे उरकते. तिथे आपण इब्न माजिदची बोटेही लावत नाही.

मुस्लीम लेखकांनी मराठीत लिहावे कशाला, असे मला कधी कधी आपल्याच घरात विचारले जाते. उर्दूत लिहा की, म्हणतात. उर्दू माझ्या रोजीरोटीची आणि नमाजनंतरच्या दुआची भाषा आहे, तिच्यावर माझे प्रेम आहे. पण आमच्या किनाऱ्याला लागून जी वस्ती आहे ती मराठी आहे. तिने आम्हाला पंचेचाळीस लाखांच्या मापाने पाहू नये असे वाटत असेल, तर आमच्या खाड्या तिच्या भाषेत आम्हीच दाखवल्या पाहिजेत. आमच्या घरात आम्ही बोलावले तर येणारा जपून पाऊल टाकतो. न बोलावता आला, तर पहिली नजर त्याच्या हातातल्या साखळीवर जाते.

किनाऱ्याची लांबी पुन्हा कधीतरी बदलेल. आणखी मोठ्या प्रमाणाचा नकाशा येईल आणि त्यात आज न दिसणारी खडकाची टोके येतील. मोजणी संपणार नाही, याचे मला वाईट वाटत नाही. एखाद्या समाजाचा आकडा एकदाच ठरला आणि मग कुणी पुन्हा जवळ येऊन पाहिलेच नाही, याची भीती मात्र वाटते.